व्हॉल्व्ह शोधायच्या मशीनला हेडफोन जुळवताना: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

ग्रामपंचायतीच्या मेटल डिटेक्टरला हेडफोन जुळवून द्यायचं काम आजपासून हातात घेतलं. मशीन सेकंडहँड आहे आणि त्याच्यासोबतचा मूळ हेडफोन मिळालेला नाही. पाणी सोडणारे तात्या मशीन घेऊन दुकानात आले तेव्हा त्यांची तक्रार एकच होती: रस्त्यावर उभं राहिलं की मशीनचा आवाज ऐकूच येत नाही.

गावातला मुख्य रस्ता डांबरी झाला तेव्हा व्हॉल्व्हच्या चेंबरची बरीच झाकणं डांबराखाली गेली. नवी पाइपलाइन एचडीपीईची, म्हणजे प्लॅस्टिकची. मशीनला तिचा पत्ता लागत नाही. खाली लोखंड म्हणून उरलंय ते बिडाचं झाकण आणि व्हॉल्व्ह. तेवढ्या लोखंडाच्या आवाजावर तात्यांना ठरवायचं असतं की पहार नेमकी कुठे मारायची. जागा चुकली तर नवा रस्ता उखडतो, लोक बोलतात आणि वरच्या आळीची पाण्याची पाळी हुकते ती हुकतेच.

त्यात सध्या उसाचा हंगाम. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसभर गाणी वाजवत जातात. मशीनचा स्पीकर इवलासा आणि आवाज कमी-जास्त करायचं बटणच नाही. हेडफोनसाठी ६.३५ मिमीचं सॉकेट मात्र आहे, तेच आपलं दार.

अजून एक गोष्ट, वायरिंगच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणून आजच लिहून ठेवतो. तात्यांचा डावा कान अधू आहे. त्यामुळे एका कानात आवाज आला म्हणजे काम झालं, असं इथे चालणार नाही. दोन्ही कानांत सारखा आणि स्वच्छ आवाज हवा.

१३ जानेवारी

सुरुवात घरात पडलेल्या मोबाइलच्या इअरफोनपासून केली. ३.५ मिमीची पिन, त्यावर ६.३५ मिमीचा अडॅप्टर. पिन आत गेली, मशीनचा स्पीकर बंद झाला (म्हणजे सॉकेटमधला स्विच काम करतोय) आणि इअरफोनमध्ये जवळपास शांतता. नाणं कॉइलसमोर (मशीनच्या दांड्याखालच्या शोधायच्या चकतीसमोर) नेलं तर कुठेतरी लांबून आल्यासारखा बारीक टूं.

तात्या हातात वायर धरून उभे होते. त्यांचा अंगठा माइकजवळच्या बटणावर पडला आणि एकदम खणखणीत आवाज आला. अंगठा काढला, गेला. "आरं बाळा, दाबलं की बोलतंय न्हवं हे!"

या एका बटणाने पूर्ण वायरिंग सांगून टाकलं. मोबाइलच्या इअरफोनची पिन चार पोलची, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या धातूच्या चार भागांची असते. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये टोकाकडून क्रम असा: डावा, उजवा, कॉमन (दोन्ही बाजूंच्या करंटची परतीची वाट), माइक. पूर्वी काही काळ काही कंपन्या शेवटचे दोन उलट लावायच्या, म्हणजे आधी माइक आणि मग कॉमन. आमचा अडॅप्टर तीन पोलचा आहे. त्याच्या तोंडाशी असलेली पत्र्याची कडी पिनच्या शेवटच्या पोलला टेकते, आणि आमच्या इअरफोनमध्ये तो पोल माइकचा. खरा कॉमन कशालाच न लागता अधांतरी राहतो. स्पीकरकडून परत येणाऱ्या करंटला माइकमधून वाट काढावी लागते. मीटरवर ती वाट दीड किलोओहमच्या आसपास भरली, तर कानातला स्पीकर स्वतः ३२ ओहमचा. एवढ्या अडथळ्यातून पोहोचतं ते तेवढंच बारीक टूं. बटण दाबलं की माइक आणि कॉमन थेट जोडले जातात, वाट मोकळी होते आणि आवाज येतो.

गाणं वाजवताना हाच दोष वेगळा दिसतो. डाव्या-उजव्या बाजूंना जे वेगवेगळं असतं ते दोन स्पीकरमधून आपापसात फिरतं आणि ऐकू येतं, पण मधोमध असलेला गायकाचा आवाज गायब होतो. डिटेक्टर दोन्ही बाजूंना एकच सूर पाठवत असेल तर फरक असा उरतच नाही. म्हणून गाण्यावर "थोडा विचित्र" वाटणारा इअरफोन डिटेक्टरवर जवळजवळ मुका होतो. दुकानात लोक असे इअरफोन "खराब आहे" म्हणून परत आणतात. तो खराब नसतो, त्याचा कॉमन पोहोचलेला नसतो.

चार पोलची पिन या कामातून बाद. बटण दाबून धरून कोणी व्हॉल्व्ह शोधणार नाही.

१५ जानेवारी

आज गाण्यांचा मोठा, कान झाकणारा हेडफोन लावला. साधी तीन पोलची पिन. डाव्या कानात स्वच्छ आवाज, उजवा बंद.

तात्यांनी तो डोक्यावर चढवला, क्षणभर थांबले आणि काही न बोलता काढून उलटा घातला. वाजणारी बाजू चांगल्या कानावर आली. "आता येतंय की," म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. मला तो तिथे सोडायचा नाही, कारण एका कानावर ट्रॅक्टर आणि दुसऱ्यावर मशीन असं ऐकून माणूस तासाभरात थकतो. अधू कानालाही थोडंफार ऐकू येतंच. तेवढी मदत त्याच्याकडून का घेऊ नये?

आधी हेडफोन तपासला. मीटर ओहमवर ठेवून पिनचे तीन पोल दोन-दोन करून मोजले. टोक ते मागचा पोल ३१, मधला ते मागचा ३१, टोक ते मधला ६२. म्हणजे हेडफोन शाबूत आहे. ही तीन मापं कुठल्याही अनोळखी हेडफोनवर घ्यावीत: ज्या दोघांमध्ये दुप्पट आकडा येतो ते डावा-उजवा, आणि राहिलेला तो कॉमन. मीटरची पिन टेकवताना कानात खट्ट असा बारीक आवाजही येतो, त्यावरून डावा कोणता आणि उजवा कोणता ते कळतं. वायरच्या रंगावर मी विसंबत नाही. लाल म्हणजे उजवा असा रिवाज आहे, पण स्वस्त वायरींमध्ये तो पाळलेला असतोच असं नाही.

दोष मशीनच्या बाजूला आहे एवढं नक्की झालं.

१८ जानेवारी

ग्रामसेवकांना विचारून मशीन उघडलं. सेल काढून ठेवले आणि सॉकेटच्या मागचे टॅग (वायर झाळायच्या पट्ट्या) एकेक करून तपासले.

सॉकेट स्टिरिओचं आहे, पण टोकाच्या टॅगलाच वायर आहे. ती बोर्डावरच्या एलएम३८६ या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट कपॅसिटरकडे जाते. मागचा पोल बॅटरीच्या मायनसवर. मधल्या पोलचा टॅग कोरा, त्याला कधी झाळ लागलेलीच नाही. स्टिरिओ हेडफोनचा उजवा स्पीकर याच मधल्या पोलवर असतो, म्हणून तो मुका. बनवणाऱ्याने मूळ हेडफोन बहुधा मोनो पिनचा दिला असावा, त्याला मधल्या पोलची गरजच नव्हती.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आतून टोक आणि मधला टॅग तारेने जोडणे. पाच मिनिटांचं काम. पण मी ते करत नाही, आणि का ते लिहून ठेवतो. एकदा हे टॅग जोडले की उद्या कोणी दोन पोलची मोनो पिन खुपसली, तर तिचा लांब मागचा पोल सॉकेटच्या मधल्या संपर्कालाही टेकतो. मधला जोडलाय टोकाला, मागचा पोल मायनसला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट थेट शॉर्ट. आज मधला टॅग कोरा आहे म्हणून मोनो पिन सुरक्षित आहे. मशीन पंचायतीचं आहे, उद्या कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. मशीनला हात लावायचा नाही, जी काही जुळणी करायची ती बाहेरच्या एका छोट्या डबीत.

आउटपुटवर डीसी (सतत एकाच दिशेचा व्होल्टेज) आहे का तेही मोजलं. मशीन चालू, आवाज नाही, टोक ते मागचा पोल: शून्य. डीसी अडवायचं काम कपॅसिटर नीट करतोय.

२२ जानेवारी

पुण्याला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, येताना तपकीर गल्लीत सामान घेतलं. पूर्ण कान झाकणारा ३२ ओहमचा साधा हेडफोन, सरळ तीन पोलची पिन, माइक नसलेला. धातूच्या अंगाची ६.३५ मिमीची मोनो पिन. ३.५ मिमीचं सॉकेट, छोटी प्लॅस्टिकची डबी, १ किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर).

तयार अडॅप्टरही पाहिले, "मोनो टू स्टिरिओ" म्हणून मिळतात ते. मीटर खिशात होता, काउंटरवरच मोजले. वरून सगळे सारखे, आतून दोन जातीचे. काहींत डावा-उजवा दोन्ही टोकाला जोडलेले, म्हणजे आपल्याला हवे तसे. काहींत मधला पोल तसाच सोडलेला, म्हणजे पुन्हा एकच कान. दुकानदाराला मोजून दाखवल्यावर त्यांनी ते वेगळ्या पुडीत टाकले. घ्यायचे असतील तर मोजूनच घ्यावेत. मला डबीच करायची आहे, कारण त्यात आवाजाचं बटण आणि कानाचं संरक्षण दोन्ही बसवायचं आहे.

२४ जानेवारी

दोन कान समांतर जोडायचे की एकामागे एक, हा प्रश्न आज टेबलावर सोडवला. समांतर जोडले तर ३२ चे १६ ओहम होतात. एकामागे एक जोडले तर ६४. अ‍ॅम्प्लिफायरवर ताण कमी आणि सेलही वाचतात. एकामागे एक जोडायची सोपी युक्ती अशी की हेडफोनचा कॉमन मोकळा सोडायचा, टोक एका वायरला आणि मधला पोल दुसऱ्या वायरला.

तसं करून ऐकलं. दोन्ही कानांत आवाज येतो, जोरही पुरेसा, पण सूर डोक्याच्या मधोमध न वाटता दोन्ही बाजूंना फाटल्यासारखा वाटतो. कारण साधं आहे: करंट डाव्या स्पीकरमध्ये प्लसकडून शिरतो आणि उजव्यात मायनसकडून. एका कानातला पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्यातला मागे जातो. ते सुधारायचं तर एका बाजूची वाटी उघडून वायरी उलट कराव्या लागतील, आणि मग तो हेडफोन फक्त याच मशीनचा होऊन बसेल. वायर तुटली, नवा हेडफोन आणला, की पुन्हा मी शोधायला लागणार.

एलएम३८६ मुळातच ८ ओहमचा स्पीकर चालवण्यासाठी वापरतात. १६ ओहम त्याला जड नाहीत. समांतरच ठेवायचं. बाजारातला कुठलाही तीन पोलचा हेडफोन लावला तरी चाललं पाहिजे, ही अट जास्त महत्त्वाची.

२६ जानेवारी

आज ग्रामसभा होती. वायरिंगशी थेट संबंध नाही, पण काम अडू नये म्हणून तात्यांसाठी पंचायतीचं पत्र मागून घेतलं. कानाला हेडफोन, हातात कॉइल घेऊन माणूस रस्त्याच्या कडेने फिरू लागला की पहिली कुजबुज गुप्तधनाची होते. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पत्रात स्वच्छ लिहून घेतलं: पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह शोधणे, गावठाणातील रस्ते, दिवसा. तात्यांनी ते घडी करून मशीनच्या पिशवीत ठेवलं.

आणखी एक ठरलं. कान पूर्ण झाकले की मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही. म्हणून तात्यांसोबत लाल झेंडी घेऊन एक माणूस राहील, त्याशिवाय रस्त्यावर हेडफोन चढवायचा नाही. हे मी सभेत उभं राहून सांगितलं.

२९ जानेवारी

डबी जोडली. आतली रचना सावकाश लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाला करता येईल.

मशीनकडून येणाऱ्या टोकाच्या वायरवर ४७ ओहमचा रेझिस्टर. त्याच्यापुढे टोक आणि कॉमन यांच्यामध्ये १एन४१४८ चे दोन डायोड, एकमेकांच्या उलट दिशेने. त्यापुढे १ किलोओहमचा पॉट, दोन टॅग वापरून नुसता वाढता-घटता अडथळा म्हणून. पॉटनंतर वाट दुभंगते: एक १०० ओहम सॉकेटच्या टोकाला, दुसरा १०० ओहम मधल्या पोलला. कॉमन सरळ कॉमनला.

डायोड कशासाठी? कॉइल अचानक मोठ्या लोखंडावर गेली की मशीन पूर्ण जोरात ओरडतं. मोकळ्या स्पीकरवर ते चालून जातं, कानाला चिकटलेल्या स्पीकरवर नाही. डायोड दोन्ही दिशांनी सुमारे ०.७ व्होल्टच्या वर काही जाऊ देत नाहीत. त्यातलंही बरंचसं पुढच्या १०० ओहममध्ये विरतं आणि ३२ ओहमच्या स्पीकरपर्यंत पाव भागाच्या आसपास पोहोचतं. हलका सूर ०.७ व्होल्टच्या खालीच असतो, त्याला डायोड हात लावत नाहीत. तात्यांचा एकच कान धड आहे. त्याला धक्का बसू न देणं हा या डबीचा माझ्या लेखी पहिला उपयोग, आवाज कमी-जास्त करणं दुसरा.

प्रत्येक कानाला वेगळा १०० ओहम दिल्याचा अजून एक फायदा: हेडफोनच्या वायरीत कधी एक बाजू शॉर्ट झाली तरी दुसरी बंद पडत नाही, अ‍ॅम्प्लिफायरवरही थेट शॉर्ट येत नाही. चुकून मोनो पिनचा हेडफोन डबीत लावला तरी तेच.

हेडफोनची वायर मूळची पातळ होती, पिनजवळ वाकून तुटणारी. ती कापून मजबूत पिन लावली. ज्यांनी ही वायर सोललेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आतली तार उघडी दिसते पण उघडी नसते. प्रत्येक केसावर रंगीत वार्निश असतं आणि मधून पांढरा दोरा गेलेला असतो. तशीच झाळ मारली तर ती वरून धरल्यासारखी दिसते आणि मीटर काहीच दाखवत नाही. सोल्डरिंग गनच्या टोकावर झाळेचा मोठा थेंब घ्यायचा, तारेचं टोक त्यात बुडवून धरायचं. वार्निश धूर होऊन जळतं, रंग उडतो आणि तार चंदेरी दिसायला लागते. धुराला वास उग्र, खिडकी उघडी ठेवावी. पांढरा दोरा मात्र आधीच कापून टाकायचा, नाहीतर तो वितळून झाळेत शिरतो.

मग पुन्हा तीच तीन मापं, या वेळी डबीच्या मोनो पिनमधून. पॉट शून्यावर असताना हेडफोन लावून आकडा ११० च्या पुढे-मागे आला पाहिजे: ४७, अधिक समांतरमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून ६५ च्या आसपास. आला.

२ फेब्रुवारी

रस्त्यावर पहिली चाचणी, मारुतीच्या देवळासमोर, जिथे व्हॉल्व्ह कुठे आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

सकाळी ट्रॉल्या चालू होत्या. तात्यांनी हेडफोन चढवला, झेंडीवाला मागे उभा. कॉइल डांबरावरून बोटभर वर ठेवून संथ झुलवायला लागले. या मशीनमध्ये तीन सूर आहेत: लोखंडाला खालचा, मधल्या धातूंना मधला, चांदी-तांब्यासारख्याला वरचा. बिडाचं मोठं सपाट झाकण मात्र सरळ बोलत नाही. काठावर खालचा सूर, मध्यावर बऱ्याचदा वरचा, कारण एवढा मोठा पत्रा मशीनला चांगल्या वाहकासारखा भासतो. खिळा आणि झाकण यांतला फरक याच बदलात आहे. खिळा एकदाच खाली टुक करतो आणि संपतो. झाकण खालून सुरू होतं, वर चढतं, पुन्हा खाली उतरतं, आणि हे सगळं कॉइल पुढे सरकत असताना.

आजवर हा चढ-उतार स्पीकरवर ऐकूच येत नव्हता, फक्त "वाजतंय" एवढंच कळायचं. आज तात्यांनी स्वतः खडूने चार बाजूंना खुणा केल्या. जिथे सूर खालून वर चढला तिथे एक, जिथे उतरला तिथे दुसरी. खुणा जोडल्या तर चेंबरचा चौकोन तयार झाला. "दोन्ही कानांत येतंय," म्हणाले. "डाव्यात जरा कमी, पण येतंय."

मेटल डिटेक्टर मुळातच कानाने वापरायचं यंत्र आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी जे यंत्र नेलं, त्याचा आवाजही टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये ऐकायचा होता. अध्यक्षांच्या बिछान्यातल्या पोलादी तारांनीही तिथे घोळ घातला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांचं सुरुंगशोधक यंत्र १९४२ मध्ये एल अलामेनला वापरलं गेलं, तेही हेडफोन लावूनच. पुढे काटे आले, पडदे आले, आकडे आले. तरी उन्हात, डांबरावर, हात झुलत असताना डोळे रस्त्यावर ठेवायचे आणि निर्णय कानाने घ्यायचा, यात बदल झालेला नाही. म्हणून हेडफोनची वायर ही माझ्या दृष्टीने मोजमापाचाच भाग आहे.

५ फेब्रुवारी

सरपंचांच्या मुलाने विचारलं, "काका, वायर कशाला, ब्लूटूथ लावा की." प्रश्न रास्त आहे, म्हणून करून पाहिलं. ब्लूटूथ ट्रान्समीटर डबीत लावला, त्याचा बिनतारी हेडफोन कानाला.

आवाज सुरेख. पण कॉइल डावीकडून उजवीकडे नेताना सूर आला तिथे खडूची खूण केली, उलट नेताना दुसरी, तर दोन खुणांमध्ये जवळपास हातभर अंतर. साध्या ब्लूटूथला आवाज पोहोचवायला २०० मिलिसेकंदांपर्यंत सहज लागतात. कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असेल तर तेवढ्या वेळात ती २० सेंमी पुढे गेलेली असते, आणि परतताना तेवढीच उलट बाजूला. दोन खुणांच्या बरोबर मध्ये झाकण असतं, हे खरं. पण चढता-उतरता सूर जुळवून चौकोन काढायची पद्धत त्यात बसत नाही. डिटेक्टरसाठी खास बनवलेले कमी विलंबाचे बिनतारी हेडफोन मिळतात, ते याहून कितीतरी जलद असतात. पंचायतीच्या पैशात आत्ता वायरच बरी. मुलाला खुणा दाखवल्या, त्याने स्वतः मोजल्या आणि पटलं.

९ फेब्रुवारी

तात्यांचा फोन: हेडफोन काढला तरी स्पीकर बोलत नाही. पिन काढल्यावर सॉकेटमधली पत्र्याची जीभ परत आपल्या जागी टेकून स्पीकर जोडते. ती जीभ काळी पडली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून काडीला गुंडाळला, आत फिरवला, पिन घाल-काढ केली. सुरू झालं. बरेच दिवस पिन आत ठेवून द्यायची नाही, असं सांगितलं. पावसाळ्यात हे पुन्हा होणार.

१६ फेब्रुवारी

शेजारच्या गावचे पाणीवाले त्यांचं मशीन घेऊन आले. आपली डबी त्यालाही चालेल का, असा प्रश्न. हे मशीन किटमधून जोडलेलं, पल्स इंडक्शन जातीचं, १२ व्होल्टच्या बॅटरीवर, पत्र्याच्या पेटीत. सॉकेट दिसायला तेच, ६.३५ मिमी.

लावण्याआधी मोजलं, आणि मोजलं ते बरं झालं. सॉकेटचा मागचा पोल आणि बॅटरीचा मायनस यांच्यात पूर्ण १२ व्होल्ट. इथे स्पीकर बॅटरीचा प्लस आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये जोडला आहे. ट्रान्झिस्टर खाली ओढतो तेव्हा आवाज होतो. म्हणजे ज्याला आपण सवयीने "अर्थ" म्हणतो तो पोल इथे प्लसवर आहे. पेटी मायनसला जोडलेली, आणि सॉकेट पेटीपासून वेगळं राहावं म्हणून प्लॅस्टिकच्या वॉशरवर बसवलंय. आपली डबी पत्र्याची असती आणि ती पेटीला घासली असती, तर बॅटरी शॉर्ट. प्लॅस्टिकची आहे म्हणून तो धोका नाही, पण पिनचं धातूचं अंग पेटीला लागू शकतं. त्या पिनवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवणं आवश्यक.

दुसरा प्रश्न करंटचा. आउटपुटवर ना कपॅसिटर, ना अडथळा. दोन कान समांतर, १६ ओहम, १२ व्होल्ट: पाऊण अँपिअर. साधा हेडफोन सरळ लावला असता तर स्पीकर जळण्याआधी कान सुन्न झाले असते. आणि आपल्या डबीतला ४७ ओहमही इथे टिकणार नाही. डायोड ०.७ वर धरून ठेवतात, उरलेले ११.३ व्होल्ट त्याच्यावर पडतात. त्या क्षणी अडीच वॅटच्या वर उष्णता, आणि तो आहे पाव वॅटचा. त्या जागी ४७० ओहम, अर्धा वॅट घेतला की करंट २४ मिलिअँपिअरवर येतो आणि आवाजही भरपूर मिळतो.

म्हणजे दोन मशीनना एक डबी नाही चालणार. त्यांच्यासाठी वेगळी करून देतो. पाहुण्यांना सांगितलं, "दादा, तोवर कोणाचा हेडफोन मागून लावू नका." ते तसेच थांबायला तयार झाले.

२३ फेब्रुवारी

दोन्ही डब्या पूर्ण. शेजारच्या गावच्या डबीला लाल टेप गुंडाळली, कारण बाहेरून दोन्ही एकसारख्या. वर मार्करने लिहिलं: "४७० ओहम, फक्त १२ व्होल्टच्या पेटीसाठी." आपल्या डबीवर: "४७ ओहम. चार पोलची पिन लावू नये."

वायर कशी न्यायची तेही आज ठरवलं. खाली लोंबकळली की ती कॉइलजवळ येते आणि मशीन उगाच बोलतं. आता डबी तात्यांच्या कमरेच्या पट्ट्याला, हेडफोनची वायर पाठीवरून वर, मशीनकडची वायर दांड्याला वेल्क्रोने दोन ठिकाणी बांधलेली. मशीन तपासायचं असेल तर हेडफोन कॉइलशेजारी ठेवायचा नाही. त्यातल्या चुंबकाला मशीन सगळ्यात आधी पकडतं.

आज तात्यांनी शाळेमागच्या गल्लीत, जिथे झाकण कुठे आहे हे कोणालाच नक्की आठवत नव्हतं, तिथे चौकोन काढून दिला. पहारीने डांबर उचललं, बिडाच्या झाकणाची कडी चौकोनाच्या आतच निघाली. व्हॉल्व्हचा स्पिंडल गंजून घट्ट बसलाय, त्याला डिझेल सोडून ठेवलंय. उद्या सकाळी तात्या, मी आणि पान्हा.